कोल्हापूरचे पदार्थविज्ञान आणि परदेशांशी संशोधनाची देवाणघेवाण

शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले आणि इतिहासकार डॉ. आप्पासाहेब पवार यांनी पहिले कुलगुरू म्हणून शहराबाहेरच्या माळावर विद्यापीठाची उभारणी हाती घेतली. कोल्हापुरात उच्च शिक्षण नवे नव्हते. राजाराम कॉलेज १८८० पासून चालू होते. परंतु विज्ञानात संशोधन करू पाहणाऱ्या दक्षिण महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला बहुधा पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे, आणि घरची परिस्थिती बेताची असेल तर त्याचे शिक्षण पदवीपाशीच थांबे. विद्यापीठातील पदार्थविज्ञान अधिविभाग त्या पहिल्या दशकातच उभा राहिला. त्याचा इतिहास अनेक अंगांनी सांगता येईल. प्रस्तुत लेखात त्यातील एकाच धाग्याचा मागोवा घेतला आहे: या अधिविभागाचा परदेशी प्रयोगशाळांशी संबंध कसा जडला, त्याला कोणती फळे आली, आणि पदार्थविज्ञान व अभियांत्रिकीच्या तरुण विद्यार्थ्यांसाठी देशोदेशी चालणाऱ्या उन्हाळी संशोधन-विनिमयात कोल्हापूरला कोणते स्थान मिळू शकते.

असा विनिमय दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युरोपात रुजला. पदवीचे शिक्षण घेणारा विद्यार्थी सुट्टीतील आठ-दहा आठवडे परक्या देशातील प्रयोगशाळेत किंवा कारखान्यात घालवतो, तेथे चालू असलेल्या प्रकल्पातील लहानसा पण खरा भाग पूर्ण करतो आणि अहवाल लिहून परततो, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप आहे. जानेवारी १९४८ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजात दहा युरोपीय देशांच्या प्रतिनिधींनी एकत्र येऊन तंत्रशिक्षणाच्या विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीसाठी ‘आयेस्ते’ ही संघटना स्थापन केली. तिचा पाया परतफेडीच्या तत्त्वावर घातलेला आहे. एखादा देश परक्या विद्यार्थ्यांना जितक्या जागा देऊ करतो, त्या प्रमाणात त्याच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना बाहेर जागा मिळतात. पुढे १९६२ साली, म्हणजे शिवाजी विद्यापीठ ज्या वर्षी सुरू झाले त्याच वर्षी, जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या युरोपीय अणुकण-संशोधन केंद्राने व्हिक्टर वाइसकोफ यांच्या महासंचालकपदाच्या काळात उन्हाळी विद्यार्थी कार्यक्रम सुरू केला. त्यात व्याख्याने आणि एखाद्या संशोधनगटातील प्रत्यक्ष काम यांची सांगड घातलेली असते, आणि पदार्थविज्ञानाबरोबरच संगणकशास्त्र व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही प्रवेश असतो. जर्मनीच्या ‘डाड’ या शैक्षणिक विनिमय संस्थेने २००५ मध्ये ‘राइज’ ही योजना आणली, तेव्हा तिने या परंपरेत एक महत्त्वाची भर घातली: पाहुण्या विद्यार्थ्याला प्राध्यापकाच्या हाती न सोपवता पीएच.डी. करणाऱ्या एका संशोधकाशी जोडून द्यायचे, म्हणजे रोजच्या कामात त्याला मार्गदर्शक मिळतो आणि त्या संशोधकालाही शिकवण्याचा सराव होतो. कोल्हापूरच्या दृष्टीने या तिन्हींपैकी ही शेवटची गोष्ट सर्वांत उपयोगाची आहे, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

भारतात सुट्टीतील संशोधनाची परंपरा प्रामुख्याने राष्ट्रीय संस्थांनी घडवली. पुण्याचे ‘आयुका’ हे खगोलशास्त्राचे आंतरविद्यापीठ केंद्र १९८८ मध्ये स्थापन झाले, आणि त्याचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर हे जन्माने कोल्हापूरचेच होते. देशभरच्या विद्यापीठांतील शिक्षकांनी ठरावीक काळ केंद्रात येऊन संशोधन करावे आणि आपल्या गावी परतून ते चालू ठेवावे, अशी योजना त्यांनी केली. त्याच्या जोडीला पदार्थविज्ञान व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी सुट्टीतील संशोधन कार्यक्रमही चालवला. त्यांचे वडील, गणिती विष्णु वासुदेव नारळीकर, यांचाही जन्म कोल्हापूरचा. केंब्रिजमध्ये रँग्लर होऊन ते १९३२ मध्ये काशी हिंदू विश्वविद्यालयात रुजू झाले होते. या पितापुत्रांची कर्मभूमी कोल्हापूर नव्हती, हे खरे. तथापि प्रगत केंद्राने आपली साधने लहान विद्यापीठांसाठी खुली करावीत हा विचार ज्या वैज्ञानिकाने भारतात संस्थारूपाने उभा केला, त्याचा जन्म या शहरातला आहे, याची नोंद येथे घेणे उचितच ठरेल.

अधिविभागाचे नाव परदेशात पोहोचले ते मुख्यतः थिन फिल्मच्या संशोधनामुळे. थिन फिल्म म्हणजे काच, धातू किंवा अन्य आधारावर चढवलेला पदार्थाचा अत्यंत पातळ थर. त्याची जाडी काही नॅनोमीटरपासून काही मायक्रोमीटरपर्यंत असते, आणि एक मायक्रोमीटर हा मिलिमीटरचा हजारावा भाग होय. सौर विद्युतघट, वायूंचे संवेदक, रंग बदलणाऱ्या काचा अशा अनेक साधनांचा गाभा अशा थरांनी बनतो. हे थर तयार करण्याच्या प्रस्थापित पद्धतींपैकी बऱ्याच पद्धतींना निर्वात लागतो. निर्वातासाठी पंप लागतात, पंपांसाठी अखंड वीज आणि दुरुस्तीची सोय लागते, आणि या सर्वांसाठी पैसा लागतो. राज्य विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला हा खर्च सहज पेलणारा नव्हता. कोल्हापूरच्या संशोधकांनी म्हणून द्रावणातून थर चढवण्याच्या पद्धती जवळ केल्या, आणि साधनांच्या टंचाईतून केलेली ही निवड पुढे या अधिविभागाची ओळख ठरली.

यांतील पहिली पद्धत केमिकल बाथ डिपॉझिशन. तिच्यात काचेची स्वच्छ पट्टी एका बीकरमधील द्रावणात उभी करतात. द्रावणात धातूचा क्षार, गंधक पुरवणारे थायोयुरियासारखे संयुग आणि अमोनियासारखा एक जटिलकारक असतो. जटिलकारक धातूच्या आयनांना धरून ठेवतो आणि हळूहळू मोकळे करतो, त्यामुळे अभिक्रिया एकाएकी होऊन सारा पदार्थ तळाशी बसत नाही, तर त्यातील काही भाग काचेवर सावकाश थराच्या रूपाने जमतो. हे सर्व शंभर अंश सेल्सियसच्या आत, उघड्या हवेत, साध्या हीटरवर घडते. उणीव एवढीच की बराचसा पदार्थ बीकरमध्येच अवक्षेपाच्या रूपाने वाया जातो. ती भरून काढणारी ‘सिलार’ ही पद्धत फ्रान्समध्ये निकोलाऊ यांनी १९८५ मध्ये मांडली: पट्टी प्रथम धन आयनांच्या द्रावणात बुडवायची, मग शुद्ध पाण्यात धुवायची, नंतर ऋण आयनांच्या द्रावणात बुडवून पुन्हा धुवायची, आणि हे चक्र हवी ती जाडी येईपर्यंत चालू ठेवायचे. तिसऱ्या, स्प्रे पायरॉलिसिस या पद्धतीत द्रावणाचे बारीक तुषार तापलेल्या आधारावर उडवतात आणि तेथेच त्यांचे विघटन होऊन थर तयार होतो. चौथी पद्धत विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने थर चढवण्याची. इलेक्ट्रोडिपॉझिशनच्या या कामात प्रा. एस. एच. पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा वाटा मोठा आहे.

या पद्धती दिसायला सोप्या आहेत, पण त्यांतून प्रत्येक वेळी सारख्याच गुणांचा थर मिळवणे फार अवघड असते. द्रावणाची आम्लता, तापमान, ढवळण्याचा वेग, बुडवण्याचा काळ यांपैकी एकही गोष्ट किंचित बदलली तर थर सुटून येतो, ढगाळ होतो किंवा त्याची स्फटिकरचनाच बदलते. शेकडो पट्ट्या तयार करून, प्रत्येकीची नोंद ठेवून, एक एक घटक बदलत जाण्याचे चिकाटीचे काम येथील विद्यार्थ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. त्या अनुभवाचे संकलन तीन प्रदीर्घ समीक्षा-लेखांत झाले आहे. प्रा. पी. एस. पाटील यांचा स्प्रे पायरॉलिसिसवरील लेख १९९९ मध्ये, आर. एस. माने आणि प्रा. सी. डी. लोखंडे यांचा रासायनिक निक्षेपणावरील लेख २००० मध्ये, आणि एच. एम. पठाण व लोखंडे यांचा सिलार पद्धतीवरील लेख २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. समीक्षा-लेख म्हणजे एखाद्या विषयातील तोवरच्या सर्व कामाची छाननी करून त्याचा नकाशा मांडणारा लेख. या क्षेत्रात नव्याने उतरणाऱ्या जगभरच्या संशोधकांनी हे तीन लेख वाटाड्यासारखे वापरले आहेत, आणि कोल्हापूरच्या प्रयोगशाळेला मिळालेले ते सर्वांत खरे परिचयपत्र होते.

परदेशी सहकार्याचा एक महत्त्वाचा टप्पा बर्लिनचा आहे. प्रा. लोखंडे जर्मनीच्या अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट प्रतिष्ठानची अधिछात्रवृत्ती मिळवून गेले; बर्लिनच्या हान-माइटनर संस्थेतील हेल्मुट ट्रिबुच आणि त्यांच्या सहकाऱ्यांसह लोखंडे व पाटील यांनी मँगेनीज सल्फाइडच्या रासायनिक थरांवर केलेले काम १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. थिन फिल्म सौरघटांत कॅडमियम सल्फाइडचा एक अतिशय पातळ थर रासायनिक स्नानातून चढवण्याची रीत होती, आणि कॅडमियम विषारी असल्यामुळे त्याला पर्याय शोधण्याचे प्रयत्न त्या काळात युरोपात जोरात चालू होते. ज्या पद्धतीवर कोल्हापूरचा हात बसलेला होता तीच पद्धत बर्लिनला हवी होती. बर्लिनकडे थरांचे सूक्ष्म निरीक्षण करणारी महागडी उपकरणे होती, कोल्हापूरकडे थर बनवण्याचे कौशल्य होते. असे सहकार्य टिकते, कारण त्यात एक बाजू दाता आणि दुसरी याचक नसते.

त्याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर संबंध जडला तो दक्षिण कोरियाशी. कोरियन सरकारने १९९९ मध्ये ‘ब्रेन कोरिया २१’ ही योजना सुरू करून विद्यापीठांतील संशोधनात मोठी गुंतवणूक केली, प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, आणि त्यांना प्रशिक्षित संशोधकांची गरज भासू लागली. सोलच्या हानयांग विद्यापीठात सुंग-ह्वान हान यांचा गट, कोरियाच्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत ओ-शिम जू यांचा गट, ग्वांगजूच्या चोन्नाम विद्यापीठात जिन ह्योक किम यांचा गट अशा ठिकाणी कोल्हापुरात पीएच.डी. केलेले तरुण एकापाठोपाठ एक दाखल झाले. सौरघटांबरोबरच सुपरकपॅसिटर हा नवा विषय या सहकार्यात पुढे आला. सुपरकपॅसिटर हे विद्युतभार इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर साठवणारे साधन असून ते बॅटरीपेक्षा कमी ऊर्जा साठवते, पण फार वेगाने भारित आणि रिक्त होते. त्यासाठी उत्तम ठरलेले रुथेनियम ऑक्साइड अतिशय महाग असल्यामुळे मँगेनीज, कोबाल्ट, निकेल यांसारख्या स्वस्त धातूंच्या ऑक्साइडचे थर करून पाहणे हा संशोधनाचा प्रमुख मार्ग ठरला, आणि द्रावणातून थर चढवण्याच्या कोल्हापुरी अनुभवाला तेथे थेट वाव मिळाला. लोखंडे, डी. पी. दुबल आणि ओ-शिम जू यांचा धातू-ऑक्साइड सुपरकपॅसिटरवरील समीक्षा-लेख २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. कोल्हापूर आणि सोल यांची नावे एकाच लेखावर येणे तोवर सवयीचे झाले होते.

या स्थलांतराला कोणी ‘बुद्धीची गळती’ म्हणेल, तर ते अन्यायाचे होईल. शेतकरी आणि कारागीर कुटुंबांतून आलेल्या, ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम करून शिकलेल्या मुलांसाठीही विद्यापीठातून थेट सोलच्या प्रयोगशाळेत जाण्याची वाट निघाली, आणि ती काढण्यात मधल्या कोणा बड्या संस्थेची शिफारस लागली नाही. पुढे गेलेला मागच्याचे नाव सुचवत राहिला. परतलेल्यांनी ही पद्धत महाराष्ट्रभर नेली. माने नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात, पठाण पुणे विद्यापीठात, बी. आर. संकपाळ नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत स्थिरावले. खुद्द कोल्हापुरात विद्यापीठाने नॅनोविज्ञानाचे स्वतंत्र शिक्षण सुरू केले, आणि डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात प्रा. लोखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली आंतरविद्याशाखीय संशोधन केंद्र उभे राहिले.

तरीही या साऱ्या वाहतुकीचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. ती मुख्यतः एकाच दिशेची राहिली, आणि ती पीएच.डी. नंतरच्या टप्प्यावर घडली. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षातील किंवा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातील विद्यार्थ्याला परदेशी प्रयोगशाळेचा अनुभव देणाऱ्या काही योजनांची दारे ठरावीक राष्ट्रीय संस्थांपुरतीच उघडी असतात. राज्य विद्यापीठाचा विद्यार्थी गुणवत्तेने पात्र असूनही त्या यादीबाहेर राहतो. परदेशातील त्याच वयाचा विद्यार्थी कोल्हापूरला येऊन काम करतो, असे तर त्याहूनही क्वचित घडते. आयेस्तेने १९४८ मध्ये घालून दिलेला परतफेडीचा नियम येथे लावला, तर उत्तर सरळ आहे: बाहेर जागा हव्या असतील तर प्रथम येथे जागा द्याव्या लागतील.

देण्यासारखे कोल्हापूरकडे थिन फिल्मखेरीज आणखी एक दुर्मिळ साधन आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्था ही १८२६ च्या कुलाबा वेधशाळेची परंपरा सांगणारी आणि आता पनवेलला मुख्यालय असलेली संस्था. तिने शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात १९९९ पासून मध्यम कंप्रतेचे रडार चालवले. हे रडार सुमारे १.९८ मेगाहर्ट्झ कंप्रतेचे रेडिओ-स्पंद आकाशात पाठवते. जमिनीपासून साठ ते शंभर किलोमीटर उंचीवरील विरळ, विद्युतभारित हवेतून त्यांचा अत्यल्प अंश परत येतो, आणि वेगवेगळ्या अँटेनांवर टिपलेल्या संकेतांच्या चढउतारातील कालभेदावरून तेथील वाऱ्याचा वेग व दिशा काढता येते. एवढ्या उंचीवर फुगा पोहोचत नाही आणि उपग्रह टिकत नाही, म्हणून अशा रडारची वर्षानुवर्षांची नोंद मोलाची असते. कोल्हापूरचे हे केंद्र आणि तमिळनाडूत, भूचुंबकीय विषुववृत्ताच्या अगदी जवळ असलेले तिरुनेलवेलीचे केंद्र यांच्या नोंदी शेजारी ठेवून वातावरणातील भरती-ओहोटी आणि ग्रहीय तरंगांचा अभ्यास झाला आहे.

कोल्हापूरजवळच्या पन्हाळ्यावरून होणारे रात्रीच्या आकाशाचे प्रकाशीय निरीक्षण याला पूरक आहे. रात्रीचे आकाश पूर्ण काळे नसते. वरच्या वातावरणातील ऑक्सिजन आणि हायड्रॉक्सिल अतिशय मंद प्रकाश देत असतात, त्याला वायुदीप्ती म्हणतात. सर्व आकाश एकाच वेळी टिपणाऱ्या कॅमेऱ्याने ६३० नॅनोमीटर तरंगलांबीच्या तांबड्या दीप्तीचे चित्र घेतले, तर सुमारे अडीचशे किलोमीटर उंचीवरील घडामोडी दिसतात. त्यात अधूनमधून काळे पट्टे पूर्वेकडे सरकताना आढळतात. ते आयनमंडलातील विद्युतकणांची घनता एकाएकी घटलेले ‘प्लाझ्मा बुडबुडे’ असून त्यांच्यातून जाताना दिशादर्शक उपग्रहांचे संकेत विस्कळीत होतात. ही घटना भूचुंबकीय विषुववृत्तालगतच्या पट्ट्यात ठळकपणे घडते. म्युनिक किंवा टोरांटोच्या विद्यार्थ्याला ती आपल्या गावाच्या आकाशात पाहायला मिळत नाही, पन्हाळ्यावर मिळते. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला येथे प्रतिमांचा अर्थ लावायचे काम आहे आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला अँटेना, ग्राहक व संगणकप्रणालीचे, त्यामुळे दोन्ही शाखांच्या विनिमयाला हे ठिकाण स्वभावतः योग्य आहे.

अडचण हंगामाची आहे, आणि ती कागदावरच्या योजनांत सहसा लक्षात घेतली जात नाही. युरोप-अमेरिकेची उन्हाळी सुट्टी जून ते ऑगस्टमध्ये येते, तेव्हा कोल्हापुरात पंचगंगेला पूर आलेला असतो, पन्हाळा धुक्यात असतो आणि आकाशाचे प्रकाशीय निरीक्षण बंद असते. ते काम पावसाळा सरल्यापासून मे महिन्यापर्यंतच्या निरभ्र, चांदणे नसलेल्या रात्रींपुरतेच शक्य असते. आपली सुट्टी मे महिन्यात येते, तेव्हा तिकडे परीक्षा चालू असतात. तोडगा मात्र अवघड नाही. जून ते ऑगस्टमध्ये येणाऱ्यांना थिन फिल्मचे प्रयोग आणि रडारच्या साठवलेल्या नोंदींचे विश्लेषण ही कामे द्यावीत. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांसारख्या दक्षिण गोलार्धातील देशांची उन्हाळी सुट्टी डिसेंबर ते फेब्रुवारीत असते, आणि पन्हाळ्याचे आकाश तेव्हाच सर्वांत स्वच्छ असते. कोरियन विद्यापीठांची हिवाळी सुट्टीही याच सुमारास येते. युरोपीय वेळापत्रकाची नक्कल न करता कोल्हापूरने आपला विनिमय हिवाळ्यात भरवावा, हेच अधिक शहाणपणाचे आहे.

मार्गदर्शनाची सोय आजही येथे आहे. अधिविभागात आणि शहरातील अन्य संस्थांत पीएच.डी. करणारे तरुण आहेत. ‘राइज’च्या पद्धतीने एकेका पाहुण्या विद्यार्थ्याला एकेका संशोधकाशी जोडले, तर प्राध्यापकांवर फारसा भार न पडता काम चालेल, आणि पुढे परदेशी जाणाऱ्या त्या संशोधकाला इंग्रजीतून रोज विज्ञान समजावून सांगण्याचा सराव होईल. मुक्कामाबाबत कोल्हापूरला कोणाकडून शिकण्याची गरज नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगला आश्रय दिला आणि पुढील काळात जैन, मुस्लिम, लिंगायत आदी समाजांची वसतिगृहे त्यांच्या पाठबळावर उभी राहिली. परगावच्या विद्यार्थ्याला ठेवून घेणे हे या शहराचे जुने काम आहे.

उरतो तो पैसा आणि पुढाकार. आठ आठवड्यांच्या मुक्कामाला, भोजनाला आणि प्रयोगाच्या रसायनांना लागणारी रक्कम एका मोठ्या उपकरणाच्या किमतीपुढे अगदी लहान आहे. जर्मनी, कोरिया आणि अन्य देशांत स्थिरावलेल्या, तसेच महाराष्ट्रातील विद्यापीठांत अध्यापन करणाऱ्या या अधिविभागाच्या माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे की, त्यांनी आपापल्या प्रयोगशाळेतील एका पदवी-विद्यार्थ्याला येत्या हिवाळ्यात कोल्हापूरला पाठवण्याची व्यवस्था करावी, आणि त्याच्या बदल्यात येथील एका विद्यार्थ्यासाठी पुढील उन्हाळ्यात आपल्याकडे एक टेबल राखून ठेवावे.